दसऱ्याच्या आत निकाल

२४ सप्टेंबर २००१, सोमवार

परीक्षा काल झाली. आज सकाळी सुंदररावांच्या जीपमधून उत्तरपत्रिका माझ्या कॉम्प्युटर क्लासवर आल्या, त्याही पोत्यांतून. तुरीची रिकामी पोती, तोंडाला सुतळी. पहिलं पोतं सोडलं तर आधी तुरीचे चार दाणे टेबलावर घरंगळले आणि मग पोरांचं भविष्य बाहेर आलं.

सुंदरराव म्हणजे सिंदफणा विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष. लिंबागणेशकडे बागाईत, दोनदा झेडपीत निवडून आलेले. मंडळाचं बीडमध्ये हंगामी वसतिगृह आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं तिथं सहा महिने राहतात, शाळेत जातात, आईबाप परतले की घरी. जागा एकशेवीस आणि परीक्षेला बसली साडेसात हजार. गेल्या साली ‘वशिल्यानं पोरं भरली’ म्हणून लोकांनी त्यांच्या जीपच्या चारी चाकांची हवा सोडली. तेव्हापासून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला आहे.

“विश्वेश्वरभैया, मान्साचा हात लागला की वास येतो बगा,” ते म्हणाले. “नाव न्हाई, नंबर न्हाई, नुस्त्या काळ्या पट्ट्या. मशीननं वाचावं, मशीननं सांगावं. पन दसऱ्याच्या आत. दसरा झाला की ट्रक सुटत्यात. पोरं आईबापासंगं गेल्यावर निकाल लावून काय उपेग हाय?”

दसरा सव्वीस ऑक्टोबरला आहे. मी म्हटलं, दसरा कशाला, घटस्थापनेच्या आत हातात देतो. जीभ माझीच, आवरायला पाहिजे होती.

पद्धत साधी आहे. साबणाच्या वेष्टनावर असतो तसा बारकोड छापलेलं स्टिकर प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात. त्याच्याच जोडीचं स्टिकर नावाच्या तुकड्यावर, आणि तो तुकडा फाडून वेगळ्या पाकिटात सीलबंद. स्टिकरखाली आकडासुद्धा छापायचा नाही, कारण आकडा माणसाला वाचता येतो. हा सुंदररावांचा हुकूम. स्कॅनर कागद ओढणार, माझा प्रोग्राम पट्ट्यांवरून नंबर ओळखणार आणि मग पोरांनी पेन्सिलीनं काळे केलेले गोल मोजणार. घरी स्वतः छापलेल्या नमुन्यावर एका कागदाला दोन सेकंदसुद्धा लागत नव्हते.

पोती पाहून छबुबाई झाडू हातात घेऊन तिथंच थांबली. ही आमच्या घराची आणि लागूनच असलेल्या क्लासची झाडलोट करते. नवरा म्हाळू खाली माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, दुकानात हमाल आहे. माणसं शिरूर कासारकडची. पावसाळ्यात बीडला, दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाच्या ट्रकात. त्यांची गंगासागर पाचवीत आहे, कालच्या परीक्षेला बसली होती.

“ह्यात आमच्या गंगूचा कागद कोन्ता हाय, सायेब?”

“ते मलाही कळणार नाही. तीच तर गंमत आहे.”

तिला गंमत वाटलेली दिसली नाही.

२५ सप्टेंबर

गंमत मलाही वाटेनाशी झाली आहे. पहिले शंभर कागद घातले. निम्म्याहून जास्त कागदांवर प्रोग्राम म्हणाला, नंबर सापडत नाही.

स्टिकर वाकडे आहेत. थोडे तिरके असते तर चाललं असतं. पण छापणाऱ्यानं कागद वाचवायला स्टिकरची उंची अर्धी केली आहे. पट्ट्या बुटक्या, त्यामुळे स्टिकर जरा कललं की माझ्या प्रोग्रामची वाचायची आडवी रेघ सगळ्या पट्ट्या ओलांडायच्या आत वरून नाहीतर खालून बाहेर पडते. चार पट्ट्या वाचून नंबर कसा कळणार?

आणि हे कललेले तरी किती असावेत. काही चाळीस अंशांत, काही जवळजवळ उभे. केंद्रावरच्या मास्तरांनी परीक्षा संपल्यावर हातानं चिकटवलेत. चौकट छापलेली आहे, बरोबर चौकटीत लावा अशी सूचना आहे, तरी एकालाही सरळ चिकटवता येऊ नये? ही माणसं आमच्या पोरांना भूमिती शिकवतात.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

इलाज केला. पण तो इलाज आजारापेक्षा महाग आहे. नंबर सापडला नाही की प्रोग्राम अख्खं पान एक अंशानं फिरवतो, पुन्हा वाचतो, पुन्हा एक अंश. नंबर सापडतो, पण कागदाला सात-आठ मिनिटं जातात. पंख्याखालचा कॉम्प्युटर रेड्यासारखा धापा टाकतो. दिवसाचं सहा तासांचं भारनियमन धरून हिशेब केला तर निकाल दिवाळी उलटून लागेल. तोवर पोरं फडावर पाचट गोळा करत असतील.

सुंदररावांना अजून सांगितलेलं नाही.

छबुबाई रोज एकदा विचारते, कवा लागनार. ती लगबगीची बाई, हल्ली मात्र जिना चढून आली की आधी वरच्या पायरीवर बसते, मग झाडू घेते. माझ्या बायकोच्या, ईश्वरीच्या, हातची भाकरी अंगी लागली असावी. चांगली सुटली आहे. ईश्वरी शिकवते त्या शाळेतून पाटीवरच्या पेन्सिली आणते, त्या डब्यातून ही दोन-तीन मागून नेते, ‘पोरीसाठी’ म्हणून. आज तिच्या ओठाला पांढरी भुकटी दिसली. मी म्हटलं, तोंडाला पदर लावून झाडत जा, धूळ फार आहे. ती हसली आणि ईश्वरीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही भलतंच बोललो.

३० सप्टेंबर, रविवार

आज घरात मोठं भांडण होता होता राहिलं.

दुपारी ईश्वरीला बोलावून पडद्यावर एक पान दाखवलं. म्हटलं, बघ तुम्हा मास्तर लोकांची करामत. ज्या गाढवानं हे चिकटवलं त्याला मी पाटीवर रेघा मारायला बसवला असता.

ईश्वरी वाकून पाहत होती. म्हणाली, “हे बीड केंद्राचं पान आहे. हे मी चिकटवलंय.”

तिनं बोट ठेवून दाखवलं. चौकटीत, बरोबर मधोमध, पोरानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: ॥ श्री ॥

“पहिलीपासून आम्हीच शिकवतो, कोऱ्या कागदावर आधी देवाचं नाव लिहा म्हणून. त्यांना वाटलं ही मोकळी चौकट त्याचसाठी आहे. सगळ्यांनी लिहिलं.”

“मग त्यावर लावायचं ना स्टिकर.”

“देवाच्या नावावर?” ती म्हणाली. “अहो, डिंक ओला करायला वाटीत पाणीसुद्धा नव्हतं. आम्ही जिभेनं ओले करत होतो. थुंकी लावलेला कागद देवाच्या नावावर दाबायचा? तुम्ही दाबला असता?”

मी विचार केला. गळ्यात लिंग बांधलेला माणूस मी, रोज सकाळी भस्म लावल्याशिवाय चहा घेत नाही. मी दाबला नसता. मीही कडेनं, जागा मिळेल तसंच लावलं असतं.

मग दोघांनी बसून पोती चाळली. लिंबागणेश केंद्रावर पोरांनी ‘श्री गणेशाय नमः’ असं ऐसपैस लिहिलं आहे, म्हणून तिथले स्टिकर थेट उभे. चौसाळ्याला ‘जय हनुमान’. एका कागदावर ७८६ लिहिलेलं आणि स्टिकर त्याच्याही बाजूनं वळून गेलेलं. साडेसात हजार कागद, शंभरावर मास्तर, कुणी कुणाला विचारलं नाही आणि सगळ्यांनी एकच केलं. ईश्वरीला गाढव म्हटल्याबद्दल मी माफी मागितली. ती म्हणाली, संध्याकाळची भांडी घासा, मग बघू.

४ ऑक्टोबर, गुरुवार

सुंदररावांना सांगावंच लागलं. मला वाटलं चिडतील. ते बराच वेळ दाढी खाजवत बसले.

“म्हंजे चूक कुनाचीच न्हाई म्हना,” ते म्हणाले. “देवाची बी न्हाई. लई अवघड झालं की मग. चूक कुनाची असली तर त्येला धरून काम करून घेता येतंय.”

मी म्हटलं, आकडा छापला असता तर चार पोरी बसवून टाइप करून घेतलं असतं. ते म्हणाले, त्या चार पोरींचे मामे-काके तालुक्यात हायेत. विषय संपला.

अधिक महिना चालू आहे, तेवढं मात्र बरं. क्लासला नवीन प्रवेश कुणी घेत नाही, त्यामुळे मशीन दिवसभर माझंच.

आज वीज गेल्यावर यूपीएसची बॅटरी बदलायची होती. छबुबाईला म्हटलं, खालून ती दुसरी बॅटरी आण जरा. ती निघाली तोच ईश्वरी स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिला बसवून मला म्हणाली, तुम्ही जा. मी आणली, पण म्हटलं, कामाच्या बाईला इतकं लाडावून ठेवलं तर उद्या झाडायलाही मीच. छबुबाईचं तसं वाईट वाटतं मला. गंगासागरच्या पाठीवर दोन झाली होती, दोन्ही कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, दोन्ही राहिली नाहीत. ईश्वरीनं मागे कधीतरी सांगितलं होतं.

८ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं असं वाटतं. चहा दोनदा गार झाला.

सकाळी पेपर वाचत होतो. ईश्वरी शेजारी उभी राहून डबा भरत होती. एकदम म्हणाली, “अगं बाई, नेकनूरला पाऊस झाला वाटतं.” बातमी माझ्या हातातल्या पानावर, तिच्या बाजूनं पूर्ण तिरकी. तिनं पेपर सरळ केला नव्हता, मानही फारशी वाकवली नव्हती. मी विचारलं, कसं वाचलंस? ती म्हणाली, जसं होतं तसं.

आणि मी इकडे दहा दिवस अख्खं पान उचलून फिरवतो आहे! लाखो ठिपके, एकेका अंशाला. कशासाठी? पान सरळ व्हायची गरजच नाही. मी तिरकं वाचलं की झालं.

म्हणजे असं: पान जागच्या जागी ठेवायचं. आधी विरळ रेघा मारून कोपऱ्यात एकमेकींना समांतर काळ्या कडा कुठं दाटीनं आहेत ते पाहायचं. तिथं स्टिकर. मग त्यातल्या दोन-चार कडांच्या वरच्या आणि खालच्या टोकांवरून कल काढायचा. कल कळला की वाचायची रेघच त्या कलानं मारायची. एक रेघ, काही शेकडा ठिपके. बाकीच्या पानाकडे बघायचंसुद्धा नाही.

संध्याकाळपर्यंत पहिला कागद वाचला. लिंबागणेशचा, जवळजवळ उभा. सेकंदाच्या आत. मी ओरडलो तसे खालून आप्पा वर आले, काय फुटलं म्हणून.

११ ऑक्टोबर

दोन दिवसांत पोती रिकामी होत चालली आहेत. काही स्टिकरांचं टोक पोत्यात घासून गेलं आहे. बारकोडच्या शेवटी पडताळ्याचा एक आकडा असतो, आधीचे आकडे बरोबर वाचले की नाही हे त्यावरून कळतं. टोक गेलेल्या स्टिकरवर तो मिळत नाही आणि कागद बाजूला पडतो. मी पडताळाच काढून टाकला. आता एकही कागद अडत नाही. वेग पाहून डोळे निवतात.

सुंदररावांना फोन केला. त्यांनी लगेच पत्रकं छापायला टाकली: ‘जिल्ह्यात प्रथमच, कॉम्प्युटरचा निकाल, वेळेच्या आधी’.

छबुबाईला सांगितलं, तुझ्या ट्रकच्या कितीतरी आधी निकाल येतो बघ. ती खिडकी पुसत होती.

“आन् दसऱ्याच्या म्होरं गेला तर, सायेब?”

“जाणार नाही.”

“न्हाई, गेलाच तर म्हन्ते. मंग पोरगी आमच्यासंगंच येनार ना?”

“जाणार नाही म्हटलं ना.”

“बरं,” ती म्हणाली आणि तीच काच पुन्हा पुसायला लागली. या लोकांचा मशीनवर विश्वासच नाही. एवढी धडपड कुणासाठी चालली आहे?

१४ ऑक्टोबर, रविवार

ईश्वरी जुन्या मऊ साडीचं काहीतरी चौकोनी शिवते आहे, चार पदरी, कडेला लाल धावदोरा. मला बरं वाटलं, स्कॅनरवर धूळ फार बसते हे तिच्या लक्षात आलं तर. घालून पाहिलं तर आखूड. म्हटलं, वीतभर वाढव. ती म्हणाली, “ते मशीनसाठी नाही.” मग कशासाठी? “होईल कुणाच्या तरी कामाला.” आमच्या घरात मुलांचा विषय आम्ही दोघंही काढत नाही, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या घटस्थापना. उद्या निकाल द्यायचा म्हणून आज सहज मोजणी पाहिली. एकाच नंबरचे दोन कागद आले. मग आणखी एक जोडी. मग बऱ्याच.

दुपारभर शोधलं आणि सापडल्यावर डोकं धरून बसलो. पोरांनी ‘श्री’च्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभे दंड मारलेत. काहींनी पट्टी लावून, ठळक. स्टिकर त्याला खेटून. माझा प्रोग्राम समांतर काळ्या कडा शोधतो. त्याला ते दंड म्हणजे पट्ट्याच वाटल्या. तिथून मोजायला सुरुवात केली की पुढचे सगळे आकडे सरकतात आणि एका पोराचे गुण दुसऱ्याच पोराच्या नंबरावर जाऊन बसतात. पडताळा असता तर प्रोग्राम तिथंच अडला असता. तो मीच वेगाच्या नादात काढून टाकला.

जोड्या दिसल्या म्हणून कळलं तरी. जे चुकीचे नंबर कुणाशी जुळले नसतील, ते तसेच गपचूप बसले असतील. एका पोराची जागा दुसऱ्याला. गंगासागरचे गुण कुणाच्या नावावर असतील, कुणास ठाऊक.

सुंदररावांना म्हटलं, उद्या निकाल नाही. सगळे कागद पुन्हा घालावे लागतील.

“किती चुकले असतील?”

“शंभराला दोन. फार तर तीन.”

“आन् कुनाला कळंल?”

“कुणालाच नाही.”

पत्रकं वाटून झाली होती. ते म्हणाले, “हवा सोडली तवा म्या घरी चालत गेलतो, भैया. तवा बी लोकांला वाटलं ते खोटंच होतं. आवंदा खरं होईल. पुन्ना घाला. पन ट्रक सुटायच्या आत.”

१९ ऑक्टोबर

पडताळा परत घातला. एकच रेघ न वाचता पाच समांतर रेघा वाचायच्या आणि पाचही एकच सांगतील तरच मान्य. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा हवी. दंडाला ती नसते, म्हणून तो बाद. टोक घासलेल्या कागदांसाठी, वाटलेल्या नंबरांच्या यादीतून सापडलेले नंबर वजा केले आणि उरलेल्यांतून जुळणारा नंबर शोधला. एवढं सगळं करूनही कागदाला दोन सेकंदांच्या आत वेळ लागतो. या वेळी मात्र कुणाला सांगायला फोन केला नाही.

छबुबाईला सांगितलं की थोडा उशीर होईल. मला वाटलं चेहरा उतरेल. ती पायरीवर बसली, भिंतीला डोकं टेकलं आणि म्हणाली, “होऊ द्या की मंग.” आणि थोड्या वेळानं, आपणहून, “न्हाई सायेब, करा. करा तुमी लवकर.” एकदा हे, एकदा ते. मी म्हटलं, बाई, एक काय ते ठरव. ती म्हणाली, तेच की.

२४ ऑक्टोबर, बुधवार

निकाल लागला. एकही जोडी नाही. सुंदररावांनी सर्वांसमोर पाकिटांचं सील फोडलं, मशीननं नावं आणि नंबर जुळवले आणि यादी वसतिगृहाच्या फाटकाला लावली. गर्दीत कुणीतरी चुकून त्यांच्या जीपच्या टायरवर हात ठेवला तर ते दचकले.

गंगासागर म्हाळू, पाचवी, मुलींत आठवा नंबर.

मी क्लासपर्यंत धावत आलो. माझं वय तेहतीस आहे आणि या गल्लीत मी लहानपणानंतर कधी धावलेलो नाही. छबुबाई फरशी पुसत होती. सांगितलं. तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला आणि हसली, आणि मग बसली, आणि मग डोळ्यांतून पाणी. ईश्वरी तिच्या शेजारी ओल्या फरशीवरच बसली. मला वाटलं आनंदाचं आहे. मीही डोळे पुसले. एवढं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

२८ ऑक्टोबर, रविवार

छबुबाई आणि म्हाळू पोरीला घेऊन काल सामान घ्यायला गावी गेले होते. ईश्वरी म्हणाली, गंगूला वसतिगृहात आणायला तुम्हीच जा, म्हणून आज सकाळच्या एसटीनं शिरूर कासारला गेलो.

स्टँडमागच्या मैदानात ट्रक उभे होते. पत्र्याच्या पेट्या, चुली, कोंबड्या, एक शेळी, बाजली उलटी टाकलेली. बायकापोरं वर चढून बसली होती. म्हाळूनं छबुबाईला मात्र वर चढू दिलं नाही. मुकादमानं ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी करून तिला केबिनमध्ये बसवलं, पाठीला गोधडी लावून. मला नवल वाटलं; मुकादम एवढा अदबीचा मी पाहिला नव्हता.

गंगासागर बापाला सांगत होती. पाणी तुमी भरायचं. मोळी आईनं उचलायची न्हाई, तुमी तोडा, तिनं नुस्तं बांधायचं. रातच्याला कोपीत कंदील ठेवायचा. म्हाळू मान हलवत होता. एवढा हमाल माणूस, पोरीसमोर शाळेतल्यासारखा उभा. मग तिनं केबिनच्या दारावर चढून आईच्या गालाला गाल लावला आणि खाली उतरली. छबुबाई मला म्हणाली, “सायेब, लई उपकार झाले,” आणि पुढे बघत राहिली. ट्रक निघाला तेव्हा पोरीनं हात केला नाही. पेटी उचलली आणि माझ्या आधी एसटीत जाऊन बसली.

रायमोह मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती. मी तिला खुलवायला म्हणून प्रोग्रामची गोष्ट सांगितली. तिरके स्टिकर, देवाचं नाव, पान फिरवण्यात जाणारा वेळ, मग मी शोधलेली युक्ती, सात-आठ मिनिटांचं काम सेकंदावर. तिनं नीट ऐकलं. हुशार पोर आहे, मधे दोन प्रश्नही बरोबर विचारले. मग म्हणाली,

“काका, तुमी मशीन येवढं कावून पळवलं?”

“म्हणजे?”

“दसऱ्याच्या म्होरं निकाल लागला असता तर म्या आईसंगं गेले असते. बाळ व्हायला दोन-तीनच म्हैने ऱ्हायलेत. आता कोपीत तिच्यापाशी कुनी न्हाई.”

ती तक्रार करत नव्हती. मला माहीत असेलच असं धरून बोलत होती. मग खिडकीला डोकं लावून झोपली. बीडला वसतिगृहाच्या दारात तिची पेटी तिच्या हातात दिली.

घरी आल्यावर ईश्वरीला विचारलं, तुला माहीत होतं?

“तुमच्यासमोरच रोज झाडत होती ती,” ईश्वरी म्हणाली.

म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? तिला इथं ठेवून घेतलं असतं.

“मी म्हटलं होतं तिला, रहा आमच्याकडे. ती म्हणाली, एकट्या म्हाळूला मुकादम घेत नाही. एका कोयत्याला नवराबायको दोघं लागतात.” मग म्हणाली, “आणि तुम्हाला सांगू नका ही शपथ तिनंच घातली होती मला. म्हणाली, सायेबांला कळलं तर त्ये हात आखडतील, निकाल लांबवतील. मग गंगू माझ्यासंगं येईल. माझं मन बी कधी कधी तेच मागतंय बाई, म्हणून तुमी तरी सांगू नका.”

मी म्हटलं, पौषात रजा काढ, आपण दोघं कारखान्यावर जाऊ. ती म्हणाली, रजा मी कालच टाकली.

गंगासागरला अजून वाटतं की मशीन मी माझ्या हौसेनं पळवलं; तिला मागे ठेवायचं आईनंच ठरवलं होतं हे तिला माहीत नाही. आईची शपथ तिला सांगायची की नाही, यावर आम्ही दोघं जेवण निवेपर्यंत बोलत बसलो आणि काही ठरलं नाही.